अकरा नंबरची तहान

मिठागरात जायचं तर दुपारी बारानंतर जावं, असं मुकादमाने तिला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. सकाळी वाफ्यातलं पाणी नुसतंच पाणी दिसतं. ऊन डोक्यावर आलं की त्याचा रंग बाहेर पडतो. आधी गुलाबी, मग लालसर, आणि कडेच्या, आटत आलेल्या वाफ्यात तर कुणी डाळिंब पिळून ठेवावं तसा. धाकटी त्या कडेच्या वाफ्याशी उकिडवी बसली, बाटली तिरकी बुडवून भरली, बूच घट्ट लावलं आणि वरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख घातली. घामाने शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. सात वर्षांत ती असल्या बारीकसारीक गोष्टी शिकली होती.

"बाई, अजून किती दिवस नेणार आमचं पाणी?" मुकादम बांधावरून म्हणाला.

"औषध सापडेपर्यंत."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तुमच्याकडेच कामाला येईन. तुमचं मीठ खाल्लंय, त्याला जागायला नको?"

म्हातारा हसला. मग वाफ्याकडे बघत म्हणाला, "या पाण्यात मासा पडला तर दोन दिवसांत त्याचं चामडं होतं. तुमचे किडे कसे काय जगतात यात?"

"त्यांना मीठ लागतंच. गोड्या पाण्यात टाकले तर फुटून मरतात."

"म्हणजे आपल्या उलट."

"अगदी उलट," म्हणत धाकटी उठली आणि बाटल्यांची पेटी खांद्याला लावून बसच्या थांब्याकडे चालू लागली.

भुताखेताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात, वटवाघळं लागतात, कुत्री रडावी लागतात. या गोष्टीत तसलं काही नाही. यात जे झालं ते सगळं भर दुपारी, लख्ख उजेडात, माणसं कामावर असताना झालं. म्हणून तर ती सांगायला जास्त जड जाते.

पाण्याचा तो लाल रंग जिवाणूंचाच असतो. जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे ते सुखाने नांदतात, आणि अशा ठिकाणी नांदायचं म्हणजे अंगात काहीतरी वेगळं असावं लागतं. त्यांच्या शरीरात बनणाऱ्या एखाद्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मरतात का, हे धाकटी शोधत होती. संस्थेत तिला सगळे 'खारीबाई' म्हणत. तिच्यासमोर म्हणत नसत, कारण ती अंगावर धावून यायची. धाकटी हे घरचं नाव. थोरली असली तरच कुणी धाकटी असतं. थोरली जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि हिचं नाव आपलं तसंच राहिलं होतं.

ही बाई दीड वर्ष रागात होती. दुःख वगैरे लोकांनी परस्पर ठरवलं. तिला विचारलं असतं तर तिने रागच सांगितला असता. पोट फुगायला लागल्यावर 'गॅस होतो गं' म्हणत आठ महिने काढणाऱ्या ताईवर राग. तपासायच्या ऐवजी गॅसच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरवर राग. 'सुटली बिचारी' म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडावर राग. आणि ज्या पेशींनी ताईला आतून खाल्लं, त्यांच्यावर तर असा की दातओठ खाऊन तिची दाढ दुखायला लागली होती.

त्या पेशी अजून होत्या. रोज सकाळी नऊला ती त्यांना भेटत होती.

झालं होतं असं, की शेवटच्या महिन्यात ताईच्या पोटात पाणी साठायचं आणि दर चार दिवसांनी ते सुईने काढावं लागायचं. त्यातलं थोडं संशोधनासाठी मिळेल का, असं धाकटीने चाचरत विचारलं. ताईने कागद ओढून सही केली. "ने. जन्मभर राबवून घेतलंस मला, आता मेल्यावरही घे," असं म्हणून ती पोट धरून हसली. त्या पाण्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, वाढतच राहिल्या. संस्थेच्या यादीत त्यांना अकरावा नंबर मिळाला. बाकीचे त्यांना अकरा नंबर म्हणत. धाकटी काहीच म्हणत नसे. तिला एवढंच हवं होतं, की यांना मारणारं काहीतरी आपल्या हाताने सापडावं. म्हणजे ताईचं मरण फुकट गेलं नाही, असं म्हणता आलं असतं.

आणि कडेच्या वाफ्यातल्या जिवाणूने तो दिवस आणला.

अर्क काढायची रीत साधी, पण वेळखाऊ. जिवाणू तीन आठवडे खाऱ्या पाण्यात वाढवायचे, मग फोडून त्यांचा अर्क काढायचा. त्या अर्कात मीठ ठासून भरलेलं असतं. म्हणून तो एका पातळ पिशवीत बांधून गोड्या पाण्यात टाकून ठेवायचा, की मीठ हळूहळू झिरपून बाहेर जातं. दर काही तासांनी बाहेरचं पाणी बदलायचं. असे तीन दिवस.

"तीन दिवस पाणी बदलत बसणार तुम्ही?" विभागाचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे नुसतंच सर म्हणत. स्वतः बाटलीचं बूच उघडायचं नाही, पण दुसऱ्याने कसं उघडावं ते सांगायचं, असा त्यांचा खाक्या. "परिषद महिन्यावर आलीय. एक रात्र ठेवा, पुष्कळ झालं."

धाकटीला एरवी नकार द्यायला वेळ लागत नसे. पण घाई तिलाही होती. तिने मान डोलावली.

मंगळवारी सकाळी अकराला तिने अर्क ताईच्या पेशींवर घातला. छोट्या छोट्या वाट्यांची एक प्लेट असते, तिच्या अर्ध्या वाट्यांत अर्क आणि उरलेल्या अर्ध्यांत, तुलनेसाठी, पेशींना मानवणारं नेहमीचं द्रावण. मग ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. वीस मिनिटं झाली नसतील, तोच अर्काच्या वाट्यांतल्या पेशी आक्रसायला लागल्या. टपोऱ्या, चकचकीत पेशी, बघता बघता बेदाण्यासारख्या सुरकुतल्या, आणि एकेक करून तळावरून सुटल्या.

"मरा," धाकटी म्हणाली. "मरा एकदाच्या. तडफडून मरा."

पलीकडच्या टेबलावर बारीकराव वजन करत होता. हा विभागातला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. केसाएवढा फरक पडला तरी सगळं पुन्हा मोजायचा, म्हणून हे नाव. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कुणाला गं?"

"यांना."

"असं बोलू नये," तो म्हणाला, आणि परत काट्याकडे वळला.

त्या दिवशी ती साडेचारलाच घरी आली. उन्हं अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. आई टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. आई पंच्याहत्तरीची, पण कोडं पेनने सोडवायची, पेन्सिलीने नाही. चुकणारच नाही याची तिला एवढी खात्री.

"ताई येऊन गेली," आई मान वर न करता म्हणाली.

"कोण ताई?"

"किती ताया आहेत तुला? अकराच्या सुमाराला आली. पाणी मागत होती. अख्खा जग संपवला पोरीने. एका दमात एवढं पाणी पितं का गं कुणी?"

टेबलावरचा काचेचा जग रिकामा होता. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजच्याच दिवशी, वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा ती आनंदाने घरी आलेली असताना!

"आई, ताई गेली."

"मला माहीत आहे ती गेली. मला काय वेड लागलंय? गेली तेही माहीत आहे, आणि आज आली तेही बघितलंय." आईने पेनचं टोपण लावलं. "दोन्ही खरं आहे. तू कशाला ओरडतेस?"

धाकटीने दुसऱ्या दिवशी आईची रक्तातली साखर तपासून आणली. साखर वाढली की म्हाताऱ्या माणसांना अशी तहान लागते, आपणच पाणी पितात आणि विसरतात. पण साखर चांगली निघाली. आईने रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आता तुझं डोकं तपासून घे."

गुरुवारी दुसरी चाचणी झाली. निकाल तोच. सर स्वतः खाली आले, सूक्ष्मदर्शकातून बघितलं, आणि 'आपलं' औषध असा शब्द त्यांनी तीनदा वापरला. आयत्या बिळावर नागोबा, असं धाकटी मनात म्हणाली. पण ती खूश होती. सरांनी लगेच ठरवलं की चार वेगळ्या शहरांतल्या चार प्रयोगशाळांनी हीच चाचणी करून बघावी. अकरा नंबरच्या पेशी त्यांच्याकडे आधीच पोचल्या होत्या, आता अर्कही गेला. चौघांनी येत्या मंगळवारी दुपारी दोनला, एकाच वेळी सुरू करायचं ठरलं; म्हणजे कुणी कुणाचं ऐकून आपले आकडे फिरवायला नकोत.

घरी आई कोडं सोडवत नव्हती. ती नुसतीच बसली होती. ओट्यावर जग, तपेली, दोन पातेली, सगळं पालथं घातलेलं.

"बघवत नाही गं तिच्याकडे," आई म्हणाली. "ओठ फुटलेत. जीभ टाळ्याला चिकटते, बोलताना टक्-टक् आवाज येतो..."

धाकटीचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

तो आवाज तिला माहीत होता. आणि आईला तो माहीत असायचं काही कारण नव्हतं. दवाखान्यातल्या शेवटच्या तीन दिवसांत आई तापाने घरी पडलेली होती.

ताईचं आतडं बंद झालं होतं. तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, असं मोठ्या डॉक्टरने बजावलं होतं. पोट पाण्याने टम्म फुगलेलं, आणि ताई पाणी मागत होती. आधी हसत मागितलं, मग चिडून, मग नुसतेच ओठ हलत होते आणि जिभेचा तो टक्-टक् आवाज. धाकटी ओल्या कापसाने तिचे ओठ टिपायची आणि म्हणायची, "नाही ताई. आत्ता नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली. नंतर एक नर्स सहज बोलून गेली, "अहो, शेवटी शेवटी द्यायचं असतं थोडं. काय फरक पडणार होता?" धाकटीने तिच्या थोबाडीत मारायचीच काय ती बाकी ठेवली. पण त्या 'नाही'बद्दल तिने कुणाला, कधीही, एक अक्षर सांगितलं नव्हतं.

ओट्यावर एक पेला उभा होता. त्याच्या काठावर, ओठ लागतो तिथे, पांढरी रेघ सुकली होती. धाकटीने ती नखाने खरवडली आणि जिभेला लावली.

मीठ होतं.

रविवारी तिने घराचं कुलूप बदललं. शेजारणीला विचारलं, कुणी बाई येते का दुपारची? नाही म्हणाली. सोमवारभर तिने स्वतःला समजावलं, की आई जेवताना मीठ घेते, हात पेल्याला लागतो. पण माणूस स्वतःला किती समजावणार? संस्थेतली तिसरी चाचणीही मंगळवारीच, सकाळी होती; ती तिने बारीकरावावर सोपवली. "अकराच्या ठोक्याला अर्क घाला," असं सांगून ती घरी बसली. फोन मांडीवर, समोर पाण्याने काठोकाठ भरलेला जग, आणि जगापलीकडे आई.

अकराला पाच कमी. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. फ्रिज घुमत होता. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर आलेलं, इतकं की जगातल्या पाण्याची थरथरती सावली भिंतीवर पडली होती.

अकरा वाजले.

आधी वास आला. दुपारच्या मिठागराचा वास, आटत्या पाण्याचा, जड, थोडा कुजका, नाकात चुरचुरणारा. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड. मग फ्रिजचा आवाज थांबला, आणि त्या शांततेत, आईच्या खुर्चीमागून...

टक्. टक्.

"आलीस?" आई मागे वळून हळूच म्हणाली. "बस. देते हं." तिने पेला भरला आणि हवेत पुढे केला.

"आई... कुणाशी बोलतेस?"

"तुला दिसत नाही?"

धाकटीला काही दिसत नव्हतं. फक्त पेल्यातलं पाणी दिसत होतं. आईच्या हातात पेला स्थिर होता, आणि पाणी खाली खाली चाललं होतं. पेला तळाला गेला. आईने पुन्हा भरला. पुन्हा गेला. घोट घेतल्याचा आवाज नव्हता, नुसता घशातून वर येणारा कोरडा श्वास, घाईघाईचा, पुरत नसल्यासारखा.

"ताई?" धाकटी म्हणाली. "ताई, का... कशाला आलीस?"

आईने कान दिला. बराच वेळ. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काहीतरीच बोलते," ती म्हणाली. "म्हणते... हिने परत नाही म्हटलं."

धाकटीने फोन उचलला. संस्थेचा नंबर फिरवला.

"बारीकराव, काढा! अर्क काढून टाका! पेशी धुवा, ताजं द्रावण घाला..."

"अगं, वीस मिनिटं तरी..."

"आत्ताच्या आत्ता काढा!"

पलीकडे काचेवर काच लागल्याचा आवाज आला. धाकटी पेल्याकडे बघत राहिली. पाणी अर्ध्यावर आलं होतं. ते तिथेच थांबलं. कोरडा श्वास एकदा लांब झाला, आणि बंद झाला. फ्रिज पुन्हा घुमायला लागला.

"गेली," आई म्हणाली. "आज पहिल्यांदाच अर्धा पेला ठेवून गेली."

धाकटीला तेव्हा कळलं, आणि कळलं तेव्हा तिला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले. तिने फोन पुन्हा कानाला लावला. "बारीकराव, उरलेल्या अर्कात मीठ किती आहे ते मोजता? लगेच?"

वाटेत बस बंद पडली, आणि ती संस्थेत पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. बारीकरावाने तीनदा मोजलं होतं. आकडा लिहिलेला कागद त्याने तिच्यापुढे सरकवला.

"समुद्रापेक्षा खारट आहे," तो म्हणाला. "कर्करोगाचं काय घेऊन बसलीस, यात हत्तीसुद्धा मरेल. एका रात्रीत मीठ गेलंच नाही. आणि तुलनेच्या वाट्यांत आपण ते नेहमीचं द्रावण घातलं. त्यात हे जादा मीठ नव्हतंच, म्हणून त्या पेशी जगल्या." त्याने चष्मा काढला. "बाहेर एवढं मीठ झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. सुकून मेल्या गं त्या. औषधाने नाही. तहानेने."

ती जिना चढून सरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"मीठ आहे, सर. औषध नाही. मीठ! तुमची एक रात्र!"

"हळू बोला."

"का हळू बोलू? माझ्या बहिणीला वाळवून मारलंय आपण, तीन वेळा! एकदा झालं ते पुरलं नाही म्हणून!"

सरांना तिच्या बोलण्यातलं अर्धंच कळलं, आणि जेवढं कळलं तेवढ्यानेच त्यांचा चेहरा आंबट झाला. "हे बघा. तुमच्या भावना मी समजू शकतो. परिषद होऊ दे. नंतर शांतपणे दुरुस्ती देऊ."

"त्या चौघांना फोन करा. थांबवा म्हणून सांगा. दोनला सुरू होणार आहे."

"फोन करून काय सांगू? की आमच्या माणसांना मीठ काढता येत नाही?"

"माणसांना नाही, तुम्हाला! तीन दिवस लागतात हे मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही एक रात्र म्हणालात, आणि मी..." तिचा आवाज तिथे फाटला. "आणि मी मान डोलावली. तुमच्यासारख्या उंटावरच्या शहाण्याचं ऐकून मी मान डोलावली! दवाखान्यातही तशीच डोलावली होती!"

सरांनी घड्याळाकडे बघितलं. दोनला सात मिनिटं कमी होती.

फोनची यादी त्यांच्या टेबलावरून ओढून घेऊन ती बाहेर पळाली. पहिल्या प्रयोगशाळेचा फोन कुणी उचलला नाही. दुसरीकडे एका बाईने उचलला, आणि साहेब हातमोजे घालून आत गेलेत, आता बाहेर आल्यावरच, असं गोड आवाजात सांगितलं. तिसरीकडे नुसतीच घंटी. ती पुन्हा पहिल्याकडे वळली, पुन्हा दुसरीकडे. चौथा लागला तेव्हा सव्वादोन झाले होते.

"लावलंय की," पलीकडचा तरुण उत्साहात म्हणाला. "चार प्लेटा लावल्या, प्रत्येकी शहाण्णव वाट्या. काय जबरदस्त आहे हो तुमचं औषध! आताच बघून आलो, सगळ्या आक्रसल्यात."

"धुऊन टाका. लगेच. माझं ऐका, त्यात..."

"आता काय धुणार? अजून दोघांचे निरोप आलेत, त्यांच्याकडेही तेच. अभिनंदन, बाई!"

तिने फोन भिंतीवर मारला. फुटला नाही, म्हणून परत मारला.

बसमध्ये बसायला जागा होती, पण ती दांड्याला धरून उभी राहिली. ऊन रणरणत होतं. माणसं दुपारच्या आळसाने आपापल्या थांब्यावर उतरत होती, आणि प्रत्येक थांब्याला तिला वाटत होतं की बस मुद्दाम रेंगाळते आहे. तिला सरांचा राग येत होता, त्या उत्साही पोराचा येत होता, पण आता त्यात काही जोर उरला नव्हता. 'मरा, तडफडून मरा' कुणी म्हटलं होतं? सरांनी नव्हतं म्हटलं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवरच तिला तो वास आला.

दुसऱ्या मजल्यावर तो इतका दाटला की डोळ्यांत पाणी आलं. वर चढताना तिचा खांदा उगाचच भिंतीला घासत होता. जिना रिकामा होता, पण मधून चालता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी कोरडा श्वास ऐकू येत होता, एकाचा नाही. टक्. टक्. टक्-टक्. वरूनही, आणि ती चढून आली त्या खालच्या पायऱ्यांवरूनही.

घराचं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात आई नळाशी उभी होती. पदर खोचलेला, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. ओट्यावर घरातलं प्रत्येक भांडं काढलेलं. पेले, वाट्या, फुलदाणी, औषध मोजायचं माप, साखरेचा डबासुद्धा. आई एक भरत होती, मागे करत होती, रिकामं परत घेत होती.

"कुठे होतीस इतका वेळ?" ती मागे न बघता ओरडली. आईला ओरडताना धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. "मी एकटी कितीजणींना पुरवू?"

"कितीजणी... आई, कोण कितीजणी?"

"अगं, ताईच आहेत सगळ्या!" आई रडायला लागली होती, पण हात थांबत नव्हते. "सगळ्या आपलीच पोर आहेत. कुणाला नाही म्हणू? रांग जिन्याखालपर्यंत गेलीय..."

धाकटीने पातेलं ओढलं. नळाखाली धरलं, भरलं, वळली, आणि दोन्ही हातांनी समोरच्या मोकळ्या हवेत पुढे केलं. "पी, ताई," ती म्हणाली. "पी. कुणी नाही म्हणणार नाही तुला. मी नाही म्हणणार नाही. पी गं." पातेलं हलकं झालं. तिने परत भरलं. परत हलकं झालं. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. हाताला रग लागली, ओट्यावरचं ऊन सरकून जमिनीवर आलं, आणि आई दमून खुर्चीत बसली तरी ती भरतच राहिली.

मग नळाची धार बारीक झाली. दोऱ्याएवढी, मग थेंब थेंब. टाकी संपली होती. शेवटचा थेंब पातेल्यात पडला, आणि धाकटी तसंच रिकामं पातेलं हातात धरून उभी राहिली.

"आई, संपलं," ती म्हणाली. "आता काय करू?"

आई दाराकडे बघत होती.

घर हळूहळू शांत झालं. श्वास दूर गेला, दारातून बाहेर. बाहेरच्या मोकळ्या जागेत थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग शेजारच्या दाराची कडी वाजली. घाईची नाही, सावकाश, अजिजीने वाजवल्यासारखी. दार उघडलं. आणि मग भिंतीपलीकडून, घरच्या माणसाशी बोलावं इतक्या सहज, शेजारणीचा आवाज आला.

"अगं बाई, एवढ्या सगळ्या? थांबा, आणते पाणी. एकेकीने आत या."